साडेतीन लिटर ओतलं, मग तेल गेलं कुठे?

तुमची हकीकत अशी: जुनी होंडा सिटी व्हीटेक घेतलीत, आधीच्या मालकाने तिला बाहेरचा ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल थंड करणारी जाळी, बसवलेला. परवा तेल बदललं तेव्हा मेस्त्रीने कूलरचे दोन्ही पाइप सोडले, कॉम्प्रेसरची हवा मारून आतलं जुनं तेल उडवलं, पाइप परत बसवले आणि पुस्तकात आहे म्हणून साडेतीन लिटर ओतलं. गेजवर, म्हणजे तेलाची पातळी बघायच्या पट्टीवर, तेल वरच्या खुणेला. आठवडाभर गोव्यातल्या गोव्यात डिचोली-साखळी एवढीच जवळची ये-जा, सगळं ठीक. मग बेळगावला निघालात आणि चोर्ल्याच्या घाटात डाव्या वळणावर ऑइलचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. वर गाडी थांबवून गेज काढलं तर तेल खालच्या खुणेच्याही जरा खाली. धूर नाही, गाडीखाली थेंब नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या का, इंजिन उतरवावं लागेल का, असं विचारलंत.

इंजिन उतरवू नका. तेल गाडीतच आहे, कूलरमध्ये.

पुस्तकातला आकडा कंपनीने कूलर नसलेल्या गाडीसाठी दिलेला असतो. तुमच्या गाडीत तेलाचा फिल्टर आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामध्ये एक सँडविच प्लेट आहे, तिथून दोन पाइप पुढे कूलरकडे जातात. या कामाला सहसा वापरतात त्या जाडीच्या पाइपाचं आतलं भोक साधारण 14 मिलिमीटर असतं, म्हणजे एका मीटरमध्ये दीडशे मिलिलिटरच्या आसपास तेल. दोन पाइप आणि वर कूलरच्या नळ्या धरल्या तर मध्यम आकाराच्या जोडणीत अर्धा ते पाऊण लिटर सहज बसतं. माझ्या गाडीत मी मोजून बघितलं होतं, 700 मिलिलिटर भरलं. गेजच्या दोन खुणांमधलं अंतर बहुतेक गाड्यांत एक लिटरच्या आत-बाहेर असतं. त्यामुळे 700 मिलिलिटर तिकडे गेलं की वरच्या खुणेवरचं तेल थेट खालच्या खुणेपाशी येतं.

आठवडाभर गेलं नाही आणि घाटातच का गेलं, याचं उत्तर सँडविच प्लेटमधल्या थर्मोस्टॅटमध्ये आहे. तो साधारण 80 अंशांना उघडायला लागतो. तोवर तेल कूलरला वळसा घालून फिल्टरमधून परत इंजिनात जातं. बंद असतानाही तो थोडं तेल पुढे झिरपू देतो, पण कूलरमध्ये हवा भरलेली असेल आणि पाइपांची तोंडं खालच्या बाजूला असतील तर ती हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते, जोराचा प्रवाह येईपर्यंत हलत नाही. डिचोली ते साखळी एवढ्या अंतरात पाण्याच्या तापमानाचा काटा मधोमध येतो, पण तेल त्याच्या बरंच मागे असतं. पाणी तापलं म्हणजे तेल तापलं असं समजू नका. केरी सोडून चढ लागला, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओढायला लागलं, तेव्हा कुठे तेल पहिल्यांदा नीट तापलं, थर्मोस्टॅट उघडला आणि रिकाम्या कूलरने आपला वाटा घेतला. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उरलं कमी, त्यात वळणावर ते एका बाजूला सरकलं, पंपाच्या तोंडाशी हवा आली आणि दिवा लागला. दिवा दोनदाच लागला आणि तुम्ही थांबलात, हे फार बरं केलंत. दिवा लुकलुकत असताना वरपर्यंत दामटली असती तर बेअरिंगांचं काही खरं नव्हतं.

तेव्हा आता एवढंच करायचं: गाडी सपाटीवर, तेल त्याच ग्रेडचं, पाव-पाव लिटर ओतत गेज बघत वरच्या खुणेच्या जरा खाली आणून ठेवा. नंतर 20-25 किलोमीटर चांगली पळवा, थांबवा, दहा मिनिटं जाऊ द्या, परत बघा. त्यानंतर तेल हललं नाही तर विषय संपला. यापुढेही दर 500 किलोमीटरला कमी होत राहिलं, तर मग रिंगा आणि व्हॉल्व्ह सील यांचा विचार करू.

आता मेस्त्रीच्या त्या हवा मारण्याबद्दल. हेतू वाईट नव्हता. नव्या तेलात पाऊण लिटर जुनं काळं तेल मिसळतं, हे कुणालाही खटकेल. मलाही पहिली दोन वर्षं खटकत होतं. मग एकदा पावसात गाडी दारात उभी असताना वही घेऊन हिशेब मांडला. समजा एका बदलापासून पुढच्या बदलापर्यंत इंजिन तेलात 42 माप मळ सोडतं. कूलर नसलेल्या गाडीत तेल साडेतीन लिटर, म्हणजे शेवटी लिटरमागे 12 माप. कूलरवाल्या गाडीत एकूण तेल 4.2 लिटर, त्यातलं साडेतीन दर वेळी निघतं, 0.7 आत राहतं. चार-पाच बदलांनंतर हे प्रकरण स्थिर होतं: मागचं उरलेलं 8.4 माप, नवं 42, मिळून 50.4, भागिले 4.2. उत्तर पुन्हा 12. म्हणजे जुनं तेल मागे राहतं खरं, पण मळ पसरायला तेलही तेवढंच जास्त असतं. बदलायच्या आदल्या दिवशी तुमचं तेल शेजाऱ्याच्या साध्या सिटीतल्या तेलापेक्षा घाण नसतं. हे कळल्यावर मी दर बदलाला पाइप सोडणं बंद केलं.

कारण सोडण्यात धोके आहेत, आणि ते जुन्या तेलापेक्षा मोठे आहेत. कूलर ॲल्युमिनियमचा, त्याच्या तोंडाचे आटे मऊ. दुसरा पाना लावून कूलरचं तोंड धरून न ठेवता नट फिरवला तर तोंड पिळवटून चिरतं, आणि ही चीर लगेच दिसत नाही, तेल तापल्यावर घामासारखी पाझरते. कॉम्प्रेसरची पूर्ण दाबाची हवा मारली की कोपऱ्यात बसलेला गाळ सुटतो आणि कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नाही. शिवाय आपल्याकडे गॅरेजच्या हवेत पाणी असतं. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीचा नळ सोडून बघा, कपभर पाणी सहज निघेल.

अपवाद आहेत. इंजिनात बेअरिंग गेलं असेल आणि तेलात चकाकणारा धातूचा कीस आला असेल तर कूलर धुऊनही वापरू नका, नवा घ्या. त्या बारीक नळ्यांतून कीस पूर्ण निघत नाही आणि नव्या इंजिनाची वाट लावतो. तेलात कूलंट मिसळलं असेल तेव्हाही कूलर आणि पाइप सोडून रिकामे करणं भाग आहे. आणि तुमच्यासारखी दुसऱ्याच्या हातची गाडी असेल, आधीचा इतिहास माहीत नसेल, तर एकदा सगळं रिकामं करणं मीही समजू शकतो. पण मग रिकामं केलेलं भरायचंही असतं, ते तुमच्या मेस्त्रीकडून राहिलं.

ते भरायचं कसं? कूलर नीट रिकामा झाला असेल तर पाइप जोडताना कूलरमध्येच हाताने तेल ओता, जेवढं बसेल तेवढं. नंतर चेंबरमध्ये पुस्तकाच्या आकड्याइतकं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल असं, स्टार्टर मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबत थांबत, लाल दिवा विझेपर्यंत. मग फ्यूज लावून चालू करा आणि दोन-तीन मिनिटं ॲक्सिलरेटरला पाय न लावता तशीच राहू द्या. गेज तेव्हा नाही बघायचं. तेल तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत फिरवून आणल्यावर बघायचं, तेच खरं. सोबत अर्धा लिटरचा डबा डिकीत असू द्या.

आणि पाइप न सोडता नेहमीसारखं बदलत असाल, तर कूलर भरलेलाच असतो, मग पुस्तकातला आकडाच बरोबर बसतो. गंमत आहे, पण आहे तसं. मी तरी 200 मिलिलिटर हातचं राखून ओततो आणि बाकी गेज बघून.

बदलाच्या कामात सगळ्यात जास्त लक्ष लागतं ते सँडविच प्लेटकडे, आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. चवथीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. एका गॅरेजमधून तेल-फिल्टर बदलून आणलं, घरी येऊन अंगणात गाडी लावली आणि आत गेलो. हिची हाक आली तेव्हा तेलाचा ओघळ तुळशीपर्यंत पोचला होता. झालं होतं असं की जुना फिल्टर घट्ट बसलेला, मेस्त्रीने चेन-पाना लावून जोर केला आणि फिल्टरऐवजी प्लेटचा मधला बोल्टच अर्धा फेरा सैल झाला. वरून दिसत काहीच नाही, फिल्टर नवा आणि कोरडा. गळत होतं त्याच्या मागून, ब्लॉकला लागलेल्या रबरी रिंगेतून. नशीब, रस्त्यात नाही झालं. अंगण घासायला लाकडाचा भुसा, मग साबणाचं पाणी, आणि तरी डाग पुढच्या चवथीला होताच.

तेव्हापासून प्लेटवर आणि ब्लॉकवर मिळून एक पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवली आहे. फिल्टर काढल्यावर रेघ तुटली दिसली तर मधला बोल्ट आधी कसायचा, मग पुढचं. सिटीत फिल्टर इंजिनाच्या मागच्या अंगाला, हात जेमतेम पोचतो, म्हणून टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बसा. जुन्या फिल्टरचं रबर प्लेटला चिकटून राहिलं नाही ना, हे बोट फिरवून बघा. राहिलं आणि त्यावर नवा फिल्टर चढवला तर दोन रबरांच्या मधून पिचकारी उडते, आणि उडते ती वेगात असताना. नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, पुढे पाऊण फेरा, बस. ड्रेन बोल्टचा ॲल्युमिनियमचा वायसर दर वेळी नवा. सतराच्या पान्याने बोल्ट लागतो, पण पान्याला पाइप जोडून लांब करू नका. चेंबरचे आटे गेले की शंभराचं काम हजारांत जातं.

फिल्टर घेताना आत तेल परत उतरू न देणारा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. तो नसेल किंवा त्याचं रबर कडक झालं असेल, तर रात्रभरात वरचं तेल खाली उतरतं. मग सकाळी गेज जास्त दाखवतं, माणूस घाबरून तेल काढतो आणि दुपारी ते कमी पडतं. म्हणून गेज बघायची एकच वेळ आणि एकच पद्धत ठरवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मी विचारतो: हा कूलर तुम्हाला हवाय कशाला? आधीचा मालक ट्रॅकवर गाडी पळवत असेल तर त्याला उपयोग होता. आपल्याकडे रोजची धाव दहा-पंधरा किलोमीटर, वाटेत चार सिग्नल आणि एक लग्नाची वरात. तेल 90 ते 110 अंशांत राहिलेलं चांगलंच असतं. त्या उष्णतेनेच त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जातं. आमच्या जून ते सप्टेंबरच्या ओल्यात तेल तापलंच नाही तर तेल ओतायच्या झाकणाच्या आत दुधाळ फेस जमतो, आणि लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून धावतात. थर्मोस्टॅट नसलेली स्वस्तातली प्लेट असेल तर हे हमखास होतं. तपासायला सोपं आहे: थंड गाडी चालू करा, पाच मिनिटांनी कूलरच्या पाइपाला लांबूनच इन्फ्रारेड थर्मामीटर दाखवा. इंजिनाबरोबर पाइपही लगेच तापत असतील तर थर्मोस्टॅट नाही, किंवा उघडाच अडकलाय. मग प्लेट बदला, नाहीतर कूलरच काढून टाका. मी असतो तर काढला असता.

ठेवणार असाल तर खाली वाकून पाइप कुठे घासतायत ते बघा. वरची स्टीलची जाळी दिसायला मजबूत, पण ती कानशीसारखी काम करते, ज्याला टेकेल त्याला खाते आणि शेवटी स्वतः फाटते. टेकते तिथे रबराचा जुना पाइप चिरून गुंडाळा. खाऱ्या हवेत कूलरच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते, विशेषतः लोखंडी बोल्ट लागतो त्या कानांपाशी. पावसाळा संपला की गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, प्रेशर वॉशरने पाती वाकतात.

निघालेलं तेल व्हाळात (ओढ्यात) किंवा पोरसात (परसात) ओतू नका. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी सवय आमच्याकडेही होती, विहीर जवळ आहे म्हणून आम्ही सोडली. डबा बंद करून ज्या गॅरेजमधून अधिकृत रिसायकलवाला तेल उचलतो तिथे द्या. आणि देण्याआधी किती निघालं ते मोजा. निघालेल्या तेलाचा आकडा वहीत तारीख आणि किलोमीटर घालून लिहिलात, तर पुढच्या वेळी किती ओतायचं हे मला विचारावं लागणार नाही.