घरामागच्या गावरान कोंबड्या आजारी पडणार हे आधी कळतं का? रोज काय बघायचं, आणि वही ठेवावी का?

कळतं. पण सकाळी खुराडं उघडून लगेच पाठ फिरवणाऱ्याला नाही कळत. यावरून आमच्या घरात जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमचं घर खटाव तालुक्यात, माणच्या शिवेजवळ. माझ्या कोंबड्या परड्यात, धाकट्या दिरांची ब्रॉयलरची शेड रस्त्याकडेला. मी खुराड्यापाशी उभी दिसले की भावजींचं ठरलेलं, "वहिनी, झाली का हजेरी?" त्यांच्या मते गावरान कोंबडी सकाळी सोडायची, दिवस मावळायला झाकायची. मध्ये बघण्यासारखं काही नाही.

आहे ना! दार काढलं की बाहेर पडायचा त्यांचा क्रम ठरलेला असतो. दांडगी पुढं, गरीब मागं. रोज पुढं असणारी एके दिवशी शेवटी निघाली तर तिला धरा. कोंबडी दुखणं लपवते, कारण नरम दिसली की बाकीच्या टोचून तिचा जीव नको करतात. ती पिसं फुलवून, मान आत घेऊन कोपऱ्यात बसली म्हणजे तुम्हाला उशीर झाला.

धरल्यावर गळ्याखालची पिशवी चाचपायची. रात्री झाकताना दाण्यानं लिंबाएवढी टरारलेली असते, सकाळी रिकामी पाहिजे. सकाळीही टणक लागली तर सुतळी, चिंधी, लांब गवत असलं काही अडकलंय.

संध्याकाळी मी खुराड्यात चुलीतली राख पसरते, म्हणजे सकाळी शीट स्वच्छ दिसते. तपकिरी आणि वर पांढरं टोक, ती चांगली. मधूनच चिकट, चॉकलेटी, घाण वासाची पडते, तीही चांगलीच. लोक तिला हगवण समजून गोळ्या सुरू करतात. पिल्लांच्या शिटेत रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी औषध. आणि हिरवीगार पातळ दिसली तर घाबरायचं.

ती मी पाहिली मागं एका आखाडात. भावजींनी बाजारातून गावरान कोंबडा आणला. (स्वतःच्या शेडमधली कोंबडी ते खात नाहीत, हे आपलं जाता जाता.) रविवारी कापायचा म्हणून परड्यात डालग्याखाली ठेवला. पहाटे माझा कोंबडा आरवला, हा गप्प. दाणा उचलायचा आणि टाकायचा. चोचीतून लाळेची तार, तुऱ्याचं टोक काळपट, खाली हिरवी शीट. मी म्हटलं, हा इथून हलवा. तर म्हणे, "गाडीला उलटा लटकवून आणलाय, शीण आलाय त्याला." मी डालगं उचलून पार बांधावर नेलं, परड्यात चुना टाकला, पाण्याची भांडी घासली. संध्याकाळी त्यानं मान पिळायला सुरुवात केली. मानमोडी, म्हणजे राणीखेत! "मरायच्या आत कापू," असंही म्हणाले. कापू दिला नाही. त्याच चपलांनी शेडमध्ये निघाले होते, त्याही बदलायला लावल्या.

पुढं वाडीत बऱ्याच जणांची खुराडी रिकामी झाली, माझं झालं नाही. भावजी आजही म्हणतात, "लस दिलेली म्हणून वाचल्या, बघण्याचा काय संबंध?" लसीनं वाचल्या, कबूल. पण त्यांत दोन महिन्यांची सुई न मिळालेल्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) होत्या, त्या कशानं वाचल्या? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

मानमोडीची लस द्याच. पहिल्या आठवड्यात लासोटा नावाच्या लसीचा थेंब डोळ्यात, 8व्या आठवड्यात सुई. कुपी बहुतेक शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून शेजारची चार घरं गोळा करा. मानमोडी झाल्यावर हळद-लसूण, मेडिकलमधल्या कॅप्सूल, कशाचा उपयोग नाही.

मात्र सगळ्यालाच आजार समजू नका. आमची नवी जाऊ एकदा "कोंबडी मेली" म्हणून रडत आली, तर ती धुळीत आडवी पडून, पाय ताणून, डोळे मिटून अंघोळ करत होती. चैत्र-वैशाखात दुपारी चोच उघडून धापा टाकणारच, घाम येत नाही तिला. तेच थंड पहाटे दिसलं तर वेगळं. खुडूक कोंबडीचा तुराही फिका पडतो. पिसं झडताना अंडी थांबतात.

एकदम चार-पाच मेल्या तर सोलू-खाऊ नका, उकिरड्यावर टाकू नका, गुरांच्या दवाखान्यात कळवा. 2006 साली नवापुरात बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे हे चेष्टेवारी नेऊ नये.

वहीचं म्हणाल तर मी लसीची तारीख कॅलेंडरवर लिहिते, तेवढंच.