जोशुआ ट्रीच्या फुलातला काळा पतंग

फोटो पाठवून तुम्ही ज्याला माशी म्हणताय ती माशी नाही, पतंगच आहे. तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये, भर दुपारी, कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कात जोशुआ ट्रीच्या (हा वाळवंटातला एक युक्काच) फुलाच्या आत हा काळपट, जेमतेम नखाएवढा किडा बसलेला होता. तेवढ्यावरून आणि फोटोवरून मी टेगेटिक्युला सिंथेटिका म्हणेन. दिवसा उडणारा, काळपट, थोडा सॉफ्लायसारखा (गांधीलमाशीच्या नात्यातला एक किडा) दिसणारा. त्यामुळे माशी वाटणं साहजिक आहे.

फोटो मोठा करून डोक्याखाली बघा. तिथे पिवळट गोळा दिसतो, ते पराग. युक्का-पतंगांच्या मादीला तोंडाजवळ वळणारे दोन अवयव असतात. त्यांनी ती पराग खरवडते, गोळा करून हनुवटीखाली धरते. नराला हे अवयव नसतात, म्हणजे तुमची ही मादीच. जोशुआ ट्रीवर प्रोडॉक्सस नावाचे भाऊबंदही सापडतात, पण त्यांच्या माद्या पराग गोळा करत नाहीत. त्यांच्या अळ्या फुलोऱ्याच्या दांड्यात किंवा फळाच्या सालीत वाढतात, आयत्या बिळावर नागोबा!

जातीचा निर्णय मात्र अंगावरच्या खुणांपेक्षा झाड आणि जागा पाहून करावा. 2003 पर्यंत सगळ्या जोशुआ ट्रींवर एकच पतंग आहे असं मानत. मग पूर्वेकडचा, आकाराने लहान, टेगेटिक्युला अँटिथेटिका म्हणून वेगळा काढला. दोघांची झाडंही वेगळी: पश्चिमेला युक्का ब्रेव्हिफोलिया, पूर्वेला युक्का येगेरियाना. मादी अंडी घालायची नळी फुलाच्या कुक्षीवृंतातून (स्त्रीभागाच्या दांड्यातून) खाली बीजांडांपर्यंत नेते, आणि या दोन झाडांच्या फुलांत सगळ्यात ठळक फरक आहे तो नेमका कुक्षीवृंताच्या लांबीत. नेवाडातल्या टिकाबू व्हॅलीत दोन्ही झाडं आणि दोन्ही पतंग एकत्र आहेत. फोटो तिथला असता तर मी एवढ्या खात्रीने बोललो नसतो. तुमच्या पार्कात पश्चिमेकडचं झाड आहे.

अंडी घातल्यावर ती मादी कुक्षीवर (त्याच दांड्याच्या टोकाला) जाऊन पराग मुद्दाम दाबून भरते. मधमाशीकडून परागीभवन चुकून होतं. ही ते काम म्हणून करते. स्वतःला त्यातून खायला काही नाही, फायदा अळ्यांचा. त्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला उरतात. आपल्याकडे बागेतल्या युक्काला फुलोरा येऊनही सहसा फळ धरत नाही, ते हे पतंग इथे नसल्यामुळे.

पोसलेली अळी फळ पोखरून बाहेर येते आणि जमिनीत कोष करून पडून राहते. एक पावसाळा हुकला तर पुढच्याची वाट बघते. वर सांगितलेल्या प्रोडॉक्ससच्या एका जातीच्या अळ्यांमधून प्रयोगशाळेत 30 वर्षांनंतरसुद्धा पतंग बाहेर पडले आहेत. म्हणून एखाद्या वसंतात एकही दिसला नाही तरी तिथून ते संपले असं लगेच लिहू नये.

पुन्हा गेलात तर पतंगाचं डोकं बाजूने फोटोत टिपा, आणि झाडाचाही एक फोटो घ्या: पश्चिमेकडच्याला सहसा एकच उंच खोड असून फांद्या वर फुटतात, पूर्वेकडचं बुटकं, खालूनच फुटलेलं. फूल तोडू नका, पार्कात मनाई आहे.