टाके, पोढी आणि जिवंत झरा

प्रश्न असा आहे : शिवनेरी किल्ल्यावरच्या गंगा-जमुना या पाण्याच्या जागेला सगळे 'टाके' म्हणतात, पण आतले पाणी झऱ्याचे. मग म्हणायचे काय, झरा की टाके? आणि लेण्यांबद्दल वाचताना भेटणारी 'पोढी' याहून निराळी असते का?

आधी झरा. वाहणे, गळणे या अर्थाच्या संस्कृत 'क्षर्' धातूचे प्राकृतात 'झर' झाले, त्यातून आपले झरणे आणि झरा. आधी 'प्र' लागून आलेला 'पाझर' त्याचा सख्खा भाऊ. या शब्दांत माणूस कुठेच नाही, सगळे काम खडकाचे. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरावर थर साचून झालेला. पावसाचे पाणी भेगांतून मुरत जाते, खाली घट्ट थर लागला की आडवे सरकते आणि कड्याच्या पोटात वाट मिळेल तिथे बाहेर पडते.

टाके मात्र हाताने खोदावे लागते. पाथरवटाच्या छिन्नीला आपण टाकी म्हणतो. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' यातली तीच. टाकीने कोरले ते टाके, ही व्युत्पत्ती मला पटते.

पोढी हा याच वस्तूचा फार जुना शब्द. कान्हेरी, कुडा, जुन्नर इथल्या लेण्यांतल्या ब्राह्मी लेखांत तो वारंवार येतो. कान्हेरीत 'पानीयपोढी' असाही. मला सर्वांत प्रिय आहे तो जुन्नरचा लेख. इरिल नावाच्या एका यवनाचे, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक कुळातल्या माणसाचे, दान त्यात नोंदले आहे : 'देयधम बे पोढियो', म्हणजे दोन टाक्यांचे धर्मदान. त्यातला 'बे' पाहा! 'बे एके बे, बे दुणे चार' म्हणताना आपण सातवाहनकाळातल्या त्या कारागिराचाच शब्द उच्चारत असतो. दूरदेशाहून आलेल्या कुळातल्या माणसाने सह्याद्रीत येऊन दान काय द्यावे, तर पाणी. आणि ते कोरून ठेवले इथल्या लोकांच्या प्राकृतात.

पोढी दिसली की तळाशी झरा असेलच, असे मात्र धरू नये. कान्हेरीला खडकात पन्हळी कोरून पावसाचे पाणी लेण्यांच्या दाराशी असलेल्या टाक्यांत उतरवले आहे. ती साठवण झाली. टाक्यात पाणी दिसले एवढ्यावर निर्णय देता येत नाही, वैशाखात जाऊन पाहावे लागते. उपसल्यावर पुन्हा भरते का, हे विचारावे.

हा भेद मराठीने एका विशेषणात केव्हाच सांगून ठेवला आहे : जिवंत. 'विहिरीला जिवंत झरा लागला' असे म्हणतात, पाणी सापडले एवढेच म्हणून थांबत नाहीत. टाक्यालाही तेच लागू. नुसते 'टाके' म्हटले तर खोदणारा कळतो, नुसता 'झरा' म्हटला तर पाणी कळते पण ते जपण्यासाठी कुणी खडक फोडला हे हरवते. म्हणून गंगा-जमुनेला मी 'जिवंत झऱ्याचे टाके' म्हणेन. गडावरचे लोकही जवळपास तसेच सांगतात, आणि माझ्या मते तोच बरोबर प्रयोग आहे. 'पोढी' लेण्यांजवळच्या प्राचीन टाक्यांसाठी राखावी. शिवकाळातल्या हौदाला ती लावू नये.