रिकाम्या पायलीला शीग?

प्रश्न: रात्री जागून एक मानसशास्त्रीय थरारकादंबरी वाचली. मलपृष्ठावर होतं, 'पहिल्या पानापासून उत्कंठा शिगेला पोहोचते'. शिगेला म्हणजे शिखराला का? आणि 'सस्पेन्स'ला उत्कंठा म्हणावं की रहस्य?

शिखराला नव्हे. आणि पहिल्या पानापासून तर मुळीच नव्हे! मलपृष्ठांवर, मालिकांच्या जाहिरातींत, निवडणुकीच्या बातम्यांत, जिथे तिथे उत्कंठा सकाळपासूनच शिगेला. वाचून डोकं उठतं.

'उत्कंठा' सोपा आहे: उद् अधिक कंठ, मान उंचावून वाट पाहणं. शब्द बघावा तो शीग.

धान्य पायलीनं मोजताना माप काठोकाठ भरलं तरी वरून दाणे सोडत राहायचे. काठाच्या वर निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. आमची आजी ज्वारी मोजायला बसली की पहिल्या मापाला 'एक' म्हणायची नाही, 'लाभ' म्हणायची. पायली शिगोशीग भरायची, शेवटचे दाणे अगदी चिमटीनं. मूठभर जास्त पडले की शीग घरंगळून खाली.

म्हणजे आधी माप भरायला हवं. डॅफ्ने द्यू मोरिएची 'रेबेका' (1938) ही कादंबरी घ्या. निवेदिकेला स्वतःचं नावसुद्धा दिलेलं नाही, आणि नवऱ्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोचं, रेबेकाचं, नाव मात्र जिथे तिथे. कवितांच्या पुस्तकावर तिचं तिरकं अक्षर, रेनकोटच्या खिशात तिचा रुमाल. दाणा दाणा पडत राहतो आणि आपण मान वर करून बसतो. पहिल्याच पानावर शीग लावायला निघालेल्या लेखकाची पायली रिकामी असते.

शीग ही संस्कृत 'शिखे'ची, म्हणजे शेंडीची, टोकाची लेक, असं सांगणारे आहेत. मला ते अजिबात पटत नाही. प्राकृतात दोन स्वरांमधल्या 'ख'चा 'ह' होतो: मुखाचं मुह, सखीची सही, तशी शिखेची सिहा. मग हा 'ग' आणला कुठून? आकार जुळला की व्युत्पत्ती झाली, असं नसतं; ध्वनींचा हिशेब द्यावा लागतो. माझं मत 'शृंगा'ला. त्यातून आपलं शिंग आलं, आणि शीग ही शिंगाची बहीण असावी. बुडाशी रुंद, टोकाला निमुळती, बघा ना! अनुस्वार कुठे गेला, असं विचारतील. 'नांवा'चं 'नाव' झालं तेव्हा कुठे गेला होता? अनुस्वार गळणं मराठीला नवं नाही. 'ख'चा 'ग' कसा झाला ते शिखावाल्यांनी आधी सांगावं.

हां, 'सस्पेन्स'. उत्कंठाच म्हणा. 'रेबेका'त रहस्य एका कबुलीजबाबात उलगडतं, तरी पुढची चौकशी संपेपर्यंत पुस्तक खाली ठेववत नाही.