खटारा, डबडं की डुक्कर?

प्रश्न: वडिलांची 1989 ची प्रीमियर पद्मिनी अजून मालवण ते कणकवली आरामात जाते. पण वाडीत शिरली की पोरं 'खटारो इलो' ओरडतात आणि वडील चिडतात. मुंबईचा चुलतभाऊ म्हणतो ही 'डुक्कर फियाट'. बरोबर काय? आणि खटारा ही शिवी आहे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर: चुलतभावाचं आधी निकालात काढू, तो चुकतोय. डुक्कर हे नाव पडलं ते पन्नासच्या दशकातल्या फियाट 1100 ला, तिच्या गोल फुगीर आकारावरून. पद्मिनी नंतरची, चौकोनी, ती डुक्कर नाहीच.

आता खटारा. जुन्या मराठीत खटारा म्हणजे ओझं वाहणारी बैलगाडी, गुजरातीत तर आजही ट्रकला सरळ खटारोच म्हणतात आणि त्यात कोणाला काही वाटत नाही, आपल्याकडे मात्र तो खडखडणाऱ्या मोटारीला चिकटला तो चिकटलाच. पण आपण बोलतो कसं ते बघा ना, 'गाडीचा पार खटारा झालाय' असं म्हणतो, म्हणजे गाडी वयाने खटारा होत नाही, हेळसांडीने होते. किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेली सहा वर्षांची गाडीही खटारा होऊ शकते, खाऱ्या वाऱ्याने दाराची खालची कड फुगते, रंगाला फोड येतात आणि फोड नखाने खरवडला की आतून लाल भुकटी पडते. डबडं हा शब्द त्याहून लागट, त्यात पत्र्याचीच लायकी काढतात, मग गाडी नवीकोरी का असेना.

शिवी म्हणाल तर मालकाने स्वतः 'आमचो खटारो' म्हटलं की तो लाड, दुसऱ्याने म्हटलं की टोमणा. वडिलांचा राग मला अगदी पटतो. मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 मध्ये रस्त्यावरून गेल्या, अशा वेळी घरची पद्मिनी चालती ठेवणाऱ्या माणसाचं कौतुकच व्हायला हवं, पोरांना तेवढं नक्की सांगा.

फक्त पाऊस संपला की पायाखालची मॅट उचलून पत्रा बोटाने दाबून बघा, कुरकुरला तर लगेच वेल्डिंगवाल्याकडे न्या, आणि आरसी दर पाच वर्षांनी रिन्यू करायची असते ती तारीख चुकवू नका.