हिरड्यांतून रक्त आणि मिश्रीची सवय

प्रश्न : माझ्या सासूबाई कित्येक वर्षे मिश्री लावतात. हल्ली खालच्या पुढच्या दातांच्या हिरड्यांतून रक्त येते, म्हणून त्या तिथे ब्रश लावतच नाहीत. डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितले आहे. पण त्याने दात हलू लागतात, असे शेजारी म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : रक्त येते म्हणून घासणे थांबवले, की दातांवरचा चिकट थर तसाच राहतो, लाळेतील क्षारांमुळे त्याचे कडक कीटण बनते आणि हिरडी अधिकच सुजते. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडे उघडत असल्याने कीटण तिथेच सर्वाधिक साचते, आणि ते ब्रशने निघत नाही. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, कारण आधाराचे हाड आधीच झिजलेले असते व त्यांना जखडून ठेवणारे कीटण निघालेले असते. दोष सफाईचा नव्हे. मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून, फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा हलक्या हाताने घासावे.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. ती लावल्याने दुखणे कमी झाल्यासारखे वाटते, हीच खरी अडचण. प्रत्यक्षात तिच्यामुळे हिरड्यांचा आजार बळावतो आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गालाच्या किंवा ओठाच्या आतील बाजूस पांढरा अथवा लाल चट्टा दिसत असेल, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर तो भाग विनाविलंब डॉक्टरांना दाखवावा. रक्तातील साखरही तपासून घ्यावी, कारण अनियंत्रित मधुमेहात हिरड्या लवकर बऱ्या होत नाहीत.