बाबा सांगतात ते थिसिसमध्ये चालेल का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नाशिकला एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी करते, प्रोजेक्टसाठी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर झिऱ्याच्या पाण्याचे सॅम्पल घ्यायला जाते. तिथले एक बाबा म्हणाले हा झिरा आधी आखाजीपर्यंत वाहायचा, आता होळीलाच आटतो. मला ते भारी वाटलं पण सर म्हणाले हे ऐकीव आहे, डेटा नाही, लिहू नको. आर्क्टिकमध्ये म्हणे सायंटिस्ट तिथल्या इनुइट लोकांना सोबत घेऊन रिसर्च करतात. ते खरंच सायन्स असतं की नुसतं फोटोपुरतं? आपल्याकडे जमेल का?
– एक विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : तुझ्या सरांचं अर्धं बरोबर आहे गं, नुसतं 'बाबा म्हणाले' एवढं लिहिलंस तर परीक्षक उडवणारच. पण ऐकीव आहे म्हणून सोडून द्यायचं हे काही पटलं नाही, आणि त्यासाठी तुला व्हेलची गोष्ट सांगते.

अलास्काच्या पार उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे, पूर्वी त्याला बॅरो म्हणायचे. तिथले इनुपियाट, म्हणजे अलास्कातले इनुइटच, लोक पिढ्यानपिढ्या बोहेड व्हेलची शिकार करतात आणि मांस गावभर वाटून खातात. १९७७ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग कमिशनने ती शिकार बंद करायचं ठरवलं, कारण त्यांच्या अंदाजाने व्हेल दोन हजारसुद्धा उरले नव्हते. शिकारी म्हणाले, अहो पण तुम्ही मोजताय कसे? तर मोजणारे बसायचे बर्फाच्या काठावर, आणि बर्फ फाटून जी पाण्याची वाट तयार होते तिच्यातून जाताना दिसले तेवढे व्हेल धरायचे. सलग बर्फाखालून व्हेल कशाला जाईल, श्वास कुठे घेईल, असा एकूण हिशोब. शिकारी म्हणाले जातो की, डोक्याने बर्फ उचलून फोडतो आणि त्या फटीत श्वास घेतो, शिवाय काठापासून कितीतरी लांबूनही जातात, ते तुम्हाला इथे बसून दिसणारच नाहीत.

आता हे ऐकीवच होतं ना? पण मग पाण्यात हायड्रोफोन सोडले, म्हणजे पाण्याखालचे माइक, आणि काठावरून काही दिसत नसतानाही खालून व्हेलचे आवाज यायला लागले, विमानातूनही पाहणी झाली, आणि आकडा चढत गेला. २०११ च्या मोजणीत तो सतरा हजारांच्या जवळ होता. (सगळा फरक चुकीच्या मोजणीचा नाही हं, मधल्या काळात व्हेल वाढलेसुद्धा. पण पहिला आकडा फारच कमी धरला होता हे नक्की.) शिकाऱ्यांनी १९७७ मध्येच स्वतःचं कमिशन काढलं, आणि तिथल्या स्थानिक सरकारने तेलाच्या टॅक्समधून स्वतःचे सायंटिस्ट पगारावर ठेवले, हे मला सगळ्यात आवडतं.

उलटंही असतं बरं का. १९८० च्या दशकात कॅनडातल्या नुनाविकच्या, म्हणजे क्वेबेकच्या उत्तर भागातल्या, इनुइट आयांचं दूध तपासलं, खरं तर स्वच्छ नमुना मिळेल म्हणून, आणि निघालं काय तर दक्षिण क्वेबेकच्या बायकांपेक्षा पाचपट पीसीबी, म्हणजे कारखान्यांत वापरायचं ते विषारी रसायन. कारखाने हजारो किलोमीटर लांब, ते विष हवेतून समुद्रातून येऊन सीलच्या, व्हेलच्या चरबीत साठलेलं. हे कुठल्याच आजीला नुसतं बघून कळलं नसतं, त्याला लॅबच लागते. पुढे अशा विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या २००१ च्या स्टॉकहोम करारासाठी इनुइट लोक हेच घेऊन भांडले. तुझ्या सॅम्पलचंही तसंच, झिऱ्यात नायट्रेट किती आणि जंतू किती ते बाबांना दिसणार नाही, पण तो कधी आटतो ते तुला दोन चकरांत कळणार नाही.

फोटोपुरतं तिकडेही खूप झालंय. जुना जोकच आहे की इनुइट कुटुंबात आईबाप, पोरं, आजीआजोबा आणि एक मानववंशशास्त्रज्ञ असतो! म्हणून आता नुनावुटमध्ये, म्हणजे कॅनडातल्या इनुइट प्रदेशात, रिसर्चला लायसन्स लागतं, आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या इनुइट संघटनेने स्वतःचं रिसर्च धोरणच काढलं, की विषय ठरवताना आम्ही असू आणि डेटा कोणाकडे राहणार त्यात आमचा शब्द चालेल.

त्या जोकवर मला हसता येत नाही. मीच कॉलेजात असताना पेठकडच्या एका पाड्यावर चाळीस फॉर्म भरून आणले होते, पुढच्या वर्षी दुसऱ्या कामाला गेले तर एक मावशी म्हणाली, "मागच्या टायमाला लिहून नेलं, त्याचं काय झालं?" काय सांगणार, मार्क मिळाले होते.

तर तू असं कर. बाबांचं वाक्य तपासता येईल असं बनव. चार-पाच घरी वेगवेगळं विचार, एकत्र बसवून नको, नाहीतर सगळे बाबांचीच री ओढतील, आणि वर्ष विचारू नको, सण विचार, कोणाचं लग्न झालं त्या साली का, असं. बाबांपेक्षा बायकांना आधी विचार, पाणी त्या भरतात. मला एका बाईने सांगितलं होतं, आधी हंडा लावून पोराला हाक मारेपर्यंत भरायचा, आता वाटीवाटीने भरावा लागतो. अगं हेच तर फ्लो रेट! पंधरा लिटरचा डबा लाव, मोबाईलवर सेकंद मोज, दर आठवड्याला. तुला दर आठवड्याला जाणं होणार नाही, मग पाड्यावरच्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला वही दे, तिला त्याचे पैसे दे आणि तिला चालणार असेल तर थिसिसमध्ये तिचं नाव घाल. एका वर्षाच्या आकड्याने बाबांचं जुनं सांगणं सिद्ध होणार नाही हे सरांना आधीच सांगून टाक, पावसाचे जुने रेकॉर्ड शेजारी ठेव, म्हणजे तेही नरमतील.

वहीची एक कॉपी पाड्यावरच राहू दे, पाण्याचा रिपोर्ट आला की मराठीत वाचून दाखवायला जा. आणि मोजायची पहिली चक्कर होळीच्या आत मार, झिऱ्यात पाणी आहे तोवर.